आंकड्यांचे खांब : संगणकाकडून त्रिमिति स्तंभालेख कसा काढून घ्यावा

आंकड्यांचें कोष्टक समोर आलें कीं पुष्कळ विद्यार्थ्यांचें मन त्यापासून दूर पळूं लागतें. त्यांत सर्वस्वीं विद्यार्थ्यांचाच दोष आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. दहापंधरा आंकडे ओळीनें वाचून त्यांतील चढउतार मनांत उभा करणें हें मोठ्या माणसांसही सहज साधत नाहीं. परंतु तेच आंकडे खांबांच्या रूपानें उभे केले म्हणजे कोण उंच, कोण ठेंगणा, कोण झपाट्यानें वाढला आणि कोण मागें राहिला हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. अशा चित्रास स्तंभालेख म्हणतात. हल्लीं शाळेच्या प्रकल्पवह्यांत, वर्तमानपत्रांत व कचेऱ्यांच्या अहवालांत स्तंभालेख जागोजाग दिसतात. आणि त्यांतही ज्यांना जाडी आहे, जे एकामागें एक असे खऱ्याखुऱ्या खांबांसारखे उभे दिसतात, ते त्रिमिति स्तंभालेख लोकांस विशेष आवडतात. ते संगणकाकडून कसे काढून घ्यावे, आणि काढतांना कोणतें पथ्य पाळावें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. विल्यम प्लेफेअर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं लंडन येथें व्यापारविषयक आलेखांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. इंग्लंडचा निरनिराळ्या देशांशीं चालणारा व्यापार त्यानें वर्षानुवर्षांच्या रेषा काढून दाखविला. कारण त्याच्यापाशीं अनेक वर्षांचे आंकडे होते. स्कॉटलंडच्या बाबतींत मात्र त्याला एकाच वर्षाची माहिती मिळाली. एका वर्षाची रेषा ती कशी काढावी? तेव्हां त्यानें प्रत्येक देशाची आयात व निर्यात लहानमोठ्या पट्ट्यांनीं दाखविली. माहितीच्या उणिवेंतून निघालेली ही युक्ति आज जगभर रूढ आहे. पुढें १८८० सालीं लुइजी पेरोझ्झो या इटालियन पंडितानें स्वीडन देशाच्या लोकसंख्येचें एक त्रिमिति चित्र काढलें. त्यांत एका दिशेला जनगणनेचीं वर्षें, दुसऱ्या दिशेला माणसांचें वय व उंचीच्या दिशेला माणसांची संख्या होती. त्या चित्रांतील एकही दिशा शोभेची नव्हती. प्रत्येक दिशा कांहीं सांगत होती. आमच्या विषयाचें मर्म याच गोष्टींत आहे, म्हणून ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. आलेखांतील प्रत्येक परिमाणानें आपली भाकरी कमावली पाहिजे.

आतां एक खरें उदाहरण घेऊं. स्वतंत्र भारताच्या प्रत्येक जनगणनेंत दर शंभर स्त्रियांमागें किती साक्षर व दर शंभर पुरुषांमागें किती साक्षर, याची नोंद झालेली आहे. ती अशी :

१९५१ — स्त्रिया ८.९, पुरुष २७.२
१९६१ — स्त्रिया १५.४, पुरुष ४०.४
१९७१ — स्त्रिया २२.०, पुरुष ४६.०
१९८१ — स्त्रिया २९.८, पुरुष ५६.४
१९९१ — स्त्रिया ३९.३, पुरुष ६४.१
२००१ — स्त्रिया ५३.७, पुरुष ७५.३
२०११ — स्त्रिया ६४.६, पुरुष ८०.९

आंकडे वापरणाऱ्यानें त्यांच्या मर्यादाही सांगाव्या, म्हणून दोन शब्द लिहितों. १९७१ पर्यंतचें प्रमाण पांच वर्षें व त्याहून अधिक वयाच्या माणसांचें आहे. १९८१ पासून तें सात वर्षें व त्याहून अधिक वयाच्या माणसांचें धरलें जातें. १९८१ सालीं आसामांत व १९९१ सालीं जम्मू-काश्मीरांत गणना होऊं शकली नाहीं. २०२१ सालीं व्हावयाची गणना कोरोनाच्या साथीमुळें लांबणीवर पडली, म्हणून आमचें कोष्टक २०११ पाशीं थांबतें.

या कोष्टकांत तीन गोष्टी आहेत : गणनेचें वर्ष, स्त्री किंवा पुरुष हा भेद, आणि शेंकडा प्रमाण. तीन गोष्टी आहेत म्हणून तीन परिमाणें शोभतील. वर्षें डावीकडून उजवीकडे मांडावीं, स्त्रिया व पुरुष यांच्या रांगा पुढेंमागें उभ्या कराव्या, आणि खांबाच्या उंचीनें प्रमाण दाखवावें.

हें काम ज्या साधनानें करावयाचें त्याची ओळख करून देऊं. रकाने व ओळी आंखलेला हिशेबाचा मोठा कागद संगणकावर आणला म्हणजे जें होतें त्यास स्प्रेडशीट म्हणतात. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकन तरुणांनीं केलेली ‘व्हिसिकॅल्क’ ही स्प्रेडशीट १९७९ सालीं बाजारांत आली. आज ‘एक्सेल’ व मोफत मिळणारी ‘लिब्रेऑफिस कॅल्क’ या दोन स्प्रेडशीट शाळांतून विशेष वापरांत आहेत. ‘पायथन’ ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा होय. नेदरलंड्समधील गिदो व्हान रोसम यांनीं ती १९९१ सालीं लोकांपुढें ठेवली. तिचें नांव अजगरावरून पडलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें एका विनोदी इंग्रजी दूरदर्शन-मालिकेवरून घेतलें आहे.

कोणी विचारील कीं, स्प्रेडशीटमध्यें हातानेंही आलेख काढतां येतो, मग भाषा कशाला शिकावी? एकच आलेख हवा असेल तर हातानें काढावा हेंच बरें. परंतु महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांचे छत्तीस आलेख एकाच घाटाचे हवे असतील, आणि पुढील गणनेनंतर ते सर्व पुन्हां काढावयाचे असतील, तर हातास कंटाळा येतो व कंटाळलेल्या हाताकडून चुका होतात. आज्ञा एकदां नीट लिहून ठेवली म्हणजे संगणक ती छत्तीस वेळां न कंटाळतां पाळतो.

पायथनला स्प्रेडशीटची विद्या शिकविणारा एक मोफत आज्ञासंग्रह आहे. त्याचें नांव ‘ओपनपायएक्सएल’. म्हणजे ‘ओपन’ व ‘पाय’ हे शब्द आणि एक्स व एल हीं अक्षरें, सर्व जोडून. ‘पिप इन्स्टॉल’ या आज्ञेपुढें हें नांव लिहिलें म्हणजे तो आपल्या संगणकावर उतरतो. पुढें आम्ही जीं नांवें देत आहों तीं संगणकांत रोमन अक्षरांनीं लिहावयाचीं असतात. येथें त्यांचे उच्चार दिले आहेत. कामाचा क्रम असा आहे :

१. आज्ञासंग्रहांतून ‘वर्कबुक’, ‘बारचार्टथ्रीडी’ (यांतील ‘थ्री’ अंकानें लिहावा) व ‘रेफरन्स’ हीं तीन साधनें मागवून घ्यावीं. यांतील पहिलें साधन संग्रहाच्या मुख्य दालनांत व बाकीचीं दोन त्याच्या ‘चार्ट’ या पोटदालनांत सांपडतात.

२. ‘वर्कबुक’नें कोरी वही उघडावी व तिचें चालू पान ‘ॲक्टिव्ह’ या नांवानें हातीं घ्यावें.

३. ‘अपेंड’ या आज्ञेनें पानावर एकेक ओळ लिहावी. पहिली ओळ मथळ्यांची : वर्ष, स्त्रिया, पुरुष. तिच्याखालीं सात गणनांच्या सात ओळी. अशा एकूण आठ ओळी व तीन रकाने होतात. मथळे देवनागरींत लिहिले तरी चालतात.

४. ‘रेफरन्स’नें संगणकास दोन जागा दाखवाव्या. खांबांचे आंकडे कोठें आहेत? दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांत, पहिल्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत. खांबांखालचीं नांवें कोठें आहेत? पहिल्या रकान्यांत, दुसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत. 

५. ‘बारचार्टथ्रीडी’नें नवा आलेख निर्माण करावा, ‘टायटल’ म्हणून त्यास मथळा द्यावा, ‘ॲड डेटा’नें खांबांचे आंकडे जोडावे व ‘सेट कॅटेगरीज’नें वर्षांचीं नांवें जोडावीं. आंकडे जोडतांना ‘टायटल्स फ्रॉम डेटा’ या सूचनेपुढें ‘ट्रू’ लिहावें, म्हणजे पहिल्या ओळींतील ‘स्त्रिया’ व ‘पुरुष’ हे शब्द रांगांचीं नांवें म्हणून घेतले जातात.

६. ‘ॲड चार्ट’नें आलेख पानावरील एखाद्या मोकळ्या चौकटीपाशीं, उदाहरणार्थ ‘ई’ रकान्याच्या दुसऱ्या चौकटीपाशीं, बसवावा; आणि ‘सेव्ह’नें वही जतन करावी.

चौथ्या पायरींतील एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. खांबांच्या आंकड्यांत पहिला रकाना चुकून समाविष्ट झाला तर संगणक १९५१, १९६१ हींही मापेंच समजतो आणि वर्षांचे दोन दोन हजार उंचीचे खांब उभे करतो. त्यांच्या पायथ्याशीं साक्षरतेचे खांब मुंगीएवढे दिसतात. संगणकास वर्ष व माप यांतला भेद कळत नाहीं. तो आपणच सांगावा लागतो.

येथें आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. पायथन स्वतः चित्र काढीत नाहीं. तो केवळ चित्राचें वर्णन वहींत लिहून ठेवतो : अमुक चौकटींतील आंकडे घ्या, अमुक तऱ्हेचे खांब उभे करा. वही उघडली म्हणजे त्या वर्णनाबरहुकूम एक्सेल किंवा कॅल्क चित्र काढतें. म्हणून एकच वही दोन ठिकाणीं किंचित् निराळी दिसूं शकते. कधीं कधीं अक्षांवरील आंकडे व नांवें मुळींच दिसत नाहींत. तसें झाल्यास प्रत्येक अक्षाच्या ‘डिलीट’ या गुणापुढें ‘फॉल्स’ लिहावें, म्हणजे तीं प्रकट होतात.

एवढें केलें कीं आलेख तयार होतो. परंतु तो खरोखर त्रिमिति झाला काय? येथेंच पुष्कळजण फसतात. ‘बारचार्टथ्रीडी’ला आपण कांहीं न सांगितल्यास तो स्त्रियांचा व पुरुषांचा खांब शेजारीं शेजारीं उभा करतो. या रचनेस ‘क्लस्टर्ड’ म्हणतात. त्यांत खांबांना जाडी दिसते खरी, पण ती जाडी कांहींच सांगत नाहीं. तो साधा द्विमिति आलेखच असून त्यावर त्रिमितीचा अंगरखा चढविलेला असतो. खरी खोली हवी असेल तर आलेखाच्या ‘ग्रूपिंग’ या गुणापुढें ‘स्टॅण्डर्ड’ हा शब्द लिहावा लागतो. तसें केलें म्हणजे तिसरा अक्ष कामास लागतो व एक रांग पुढें आणि दुसरी तिच्यामागें अशी उभी राहते.

आणि आतां आपण या विषयांतील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नापाशीं आलों. पुढें कोणी उभें राहावें?

संगणक कोष्टकांतील पहिला रकाना पुढें व नंतरचा मागें उभा करतो. आपल्याकडे कोष्टकें लिहितांना पुरुषांचा रकाना आधीं लिहिण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीनें हाच आलेख काढून पाहावा. पुरुषांचे सात उंच खांब पुढें उभे राहतात, आणि त्यांच्यामागें असलेले स्त्रियांचे खांब, विशेषतः १९५१ चा ८.९ चा व १९६१ चा १५.४ चा, जवळजवळ दिसेनासे होतात. एकही आंकडा खोटा नाहीं, एकही खांब कमी केलेला नाहीं. तरीही जी गोष्ट सांगण्यासाठीं आलेख काढला तीच गोष्ट झांकली गेली! सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. त्यानंतर एकशें तीन वर्षांनीं झालेल्या गणनेंत भारतांतील शंभर स्त्रियांपैकीं नऊही साक्षर नव्हत्या, हें सत्य ज्या खांबांत सांठविलेलें आहे, तो खांब पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडूं नये हें केवढें दुर्दैव! त्या ठेंगण्या खांबांत आपल्या पणजी-आजी उभ्या आहेत. त्यांना जन्मभर मागें उभें राहावें लागलें. निदान आलेखांत तरी त्यांना पुढें उभें करावें.

उपाय अगदीं सोपा आहे. स्त्रियांचा रकाना आधीं लिहावा, म्हणजे ठेंगणे खांब पुढें व उंच खांब मागें येतात आणि दोन्ही रांगा दिसतात. याच कारणास्तव आम्ही वरील कोष्टक त्या क्रमानें लिहिलें आहे. यानेंही एखादा खांब झांकला जात असेल तर पाहण्याचा कोन बदलावा. ‘व्ह्यूथ्रीडी’ या साधनांत ‘रोट एक्स’ व ‘रोट वाय’ अशीं दोन मापें असतात. पहिल्यानें आपण खांबांकडे किती उंचावरून पाहतों तें ठरतें, व दुसऱ्यानें किती बाजूनें पाहतों तें ठरतें. गच्चीवरून मैदानांतील कवाईत पाहिली असतां मागच्या रांगा जशा स्पष्ट दिसतात, तसेंच थोड्या उंचावरून पाहिल्यास मागील खांब दिसूं लागतात. मात्र फार उंचावरून पाहूं नये. कारण मग उंचीच कळेनाशी होते.

आणखी तीन पथ्यें सांगतों. पहिलें, उंचीचा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा. ‘वाय ॲक्सिस’च्या ‘स्केलिंग’मध्यें किमान ० व कमाल १०० लिहावें. अक्ष ६० पासून सुरू केला तर २०११ सालचा पुरुषांचा खांब २०.९ व स्त्रियांचा अवघा ४.६ उंचीचा उरतो, आणि सव्वापटीचा भेद साडेचारपटीचा दिसूं लागतो. दुसरें, खांबांची रुंदी व जाडी सर्वत्र सारखीच राहूं द्यावी. स्प्रेडशीट तें आपण होऊन पाळते. परंतु हातानें चित्र काढणारे लोक दुप्पट संख्या दाखवितांना वस्तूची उंची, रुंदी व जाडी हीं तिन्ही दुप्पट करतात, आणि त्यामुळें घनफळ आठपट होतें हें विसरतात. तिसरें, त्रिमिति आलेखांत उंचीच्या रेघा मागच्या भिंतीवर असतात व खांब भिंतीपासून दूर उभे असतात. म्हणून पुढील खांबांचें टोक आपल्या खऱ्या रेघेपेक्षां खालीं असल्यासारखें भासतें. यास्तव आलेखाशेजारीं मूळ कोष्टक नेहमीं ठेवावें. ठोकळ मान डोळ्यांनीं घ्यावें, नेमकें मान कोष्टकांतून घ्यावें.

अशा रीतीनें सिद्ध झालेला आलेख काय सांगतो तें पाहूं. दोन्ही रांगा चढत गेल्या आहेत हें प्रथम दिसतें. परंतु दोन रांगांमधील अंतराकडे पाहावें. १९५१ सालीं तें १८.३ होतें; १९८१ सालीं तें २६.६ झालें. म्हणजे तीस वर्षें शाळा वाढत असतांही मुलगे पुढें गेले व मुली अधिकच मागें पडल्या. त्यानंतर तें अंतर कमी होत २०११ सालीं १६.३ वर आलें. उलट पटीनें पाहिल्यास १९५१ सालीं पुरुषांचें प्रमाण स्त्रियांच्या तिप्पट होतें, १९८१ सालीं दुपटीहून किंचित् कमी झालें व २०११ सालीं सव्वापटीवर आलें. वजाबाकी एक सांगते, भागाकार दुसरें सांगतो, आणि दोन्हीं खरें असतें. कोणतें उत्तर कोणत्या प्रश्नाचें हें ओळखणें यालाच आंकडे वाचणें म्हणतात.

याच ठिकाणीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, केवळ अंतर दाखवावयाचें असेल तर त्रिमिति आलेखाची गरज नाहीं; वर्ष व अंतर या दोनच गोष्टी असल्यामुळें साधा द्विमिति आलेख अधिक स्वच्छ दिसतो. तिसरी गोष्ट सांगावयाची असेल तेव्हांच तिसरें परिमाण घ्यावें. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलाच्या प्रकल्पवहींत सुबक रंगीत खांब पाहून नुसती शाबासकी देऊन थांबूं नये. हा अक्ष कोठून सुरू होतो, ही जाडी काय दाखविते, या उंच खांबामागें कोण उभें आहे, असे प्रश्न मुलांस आवर्जून विचारावे. जो मुलगा किंवा मुलगी अशा प्रश्नांस उत्तर देऊं शकेल, तिला पुढें कोणाचीही जाहिरात किंवा अहवाल सहसा फसवूं शकणार नाहीं.

अभ्यास

१. वरील आलेख दोनदां काढा : एकदां स्त्रियांचा रकाना आधीं ठेवून व एकदां पुरुषांचा. दुसऱ्या आलेखांत स्त्रियांचे किती खांब पूर्ण दिसतात तें मोजा.

२. २०११ सालीं महाराष्ट्रांत स्त्रियांची साक्षरता ७५.९ व पुरुषांची ८८.४ होती, गोव्यांत तीच अनुक्रमें ८४.७ व ९२.६ होती. हे आंकडे त्याच सालच्या भारताच्या आंकड्यांशेजारीं मांडून आलेख काढा. कोठें अंतर सर्वांत कमी आहे?

३. तोच आलेख उंचीचा अक्ष ६० पासून सुरू करून पुन्हां काढा. पाहणाऱ्याची कोणती चुकीची समजूत होईल तें चार ओळींत लिहा.

४. घरीं वडील माणसांस विचारून पणजी, आजी, आई व आपण स्वतः, आणि तसेच पणजोबा, आजोबा, वडील व भाऊ, प्रत्येकजण किती इयत्ता शिकलें याचें कोष्टक करा व त्याचा त्रिमिति स्तंभालेख काढा. जें शाळेंत गेलेंच नाहीं त्याच्यापुढें शून्य लिहा, पण त्याची जागा गाळूं नका. शून्य उंचीची ती जागाही आपल्या घराचा इतिहास सांगत असते.